ताईंची फुली

पडदा सरकला आणि टाळ्यांसाठी उचललेले हात हवेतच राहिले.

ताईंच्या स्मारकाच्या नव्या कोऱ्या पांढऱ्या दगडावर, त्यांच्या कोरलेल्या नावावरूनच, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल खडूची भलीमोठी फुली मारलेली होती.

"कोणाचा हा आगाऊपणा?" नगराध्यक्ष कडाडले. माईक चालूच होता. अख्ख्या वस्तीने ऐकलं.

हत्यारांच्या पिशवीपाशी उभा असलेला गवंडी दोन पावलं पुढे आला. ही फुली त्याच्या चांगली ओळखीची होती. वीस वर्षं ताई पर्समध्ये लाल खडू घेऊन वस्ती पालथी घालत. फुटकी पायरी, गळका नळ, वाकडी भिंत दिसली, की मारली फुली! काम नीट झालं की स्वतः येऊन हाताने पुसायच्या. दुसऱ्या कोणी पुसलेली चालायची नाही. नगरसेविका म्हणून निवडून आल्या तेव्हाही हेच, पडल्या तेव्हाही हेच. त्यांच्याशी सगळ्यात जास्त हुज्जत घातली असेल ती गवंड्यानेच. "ताई, सरळ आहे हो भिंत!" "सरळ आहे, तर दार का लागत नाही रे?" झालं, संपलं! पाडा पुन्हा, बांधा पुन्हा.

आणि या वेळी तर तो खरोखरच चुकला होता. चौथरा बांधला होता ओळंबा लावून, अगदी नेटका. पण गटाराच्या झाकणावर. त्या झाकणासाठी ताईंनी बारा वर्षं नगरपालिकेचे उंबरे झिजवले होते. ते उघडून गाळ काढला नाही, तर पहिल्याच मोठ्या पावसात खालच्या गल्लीतल्या घरांत गुडघाभर घाण पाणी. त्याने अध्यक्षांना सांगून पाहिलं होतं.

"इथेच फोटो चांगला येतो," ते म्हणाले होते. "आणि शाळेच्या इमारतीचं काम हवंय ना तुला?"

गवंड्याने तिथेच विटा रचायला घेतल्या होत्या.

"बऱ्या बोलाने सांगा, नाहीतर पोलिसांना बोलावतो!" अध्यक्ष आता लालबुंद झाले होते.

पहिल्या खुर्चीवर ताईंची धाकटी बहीण मुठी मिटून, मान खाली घालून बसली होती. बिचारी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बसलेली. जन्मात कोणाला उलट उत्तर न दिलेली बाई, आणि तिच्यासमोर हा तमाशा! गवंड्याला स्वतःचीच लाज वाटली.

"मी मारली," तो म्हणाला.

"तू? मग पूस आधी!"

"काम दुरुस्त झाल्याशिवाय फुली पुसत नाहीत, साहेब."

"मग शाळेचं काम विसर."

"विसरलो."

दगड अजून पक्का बसवायचा होता. दोघांना हाताशी घेऊन त्याने तो अलगद उतरवला, भिंतीला टेकवला आणि पहार उचलली.

"अरे, हा ताईंचा अपमान आहे!" अध्यक्ष ओरडले. "त्या असत्या तर काय वाटलं असतं त्यांना?"

"त्या असत्या तर हा चौथरा कालच पाडायला लावला असता," गवंडी म्हणाला आणि पहिला घाव घातला.

खालच्या गल्लीतली माणसं खुर्च्या सोडून पुढे आली. विटा हातोहात बाजूला गेल्या. तासाभरात झाकण मोकळं झालं. अध्यक्षांची गाडी केव्हाच निघून गेली होती.

दगड मात्र फुलीसकट भिंतीला टेकून होता. पुसायची कोणी? कोणाचाच हात पुढे होईना.

तेवढ्यात ताईंची बहीण उठली. झाकणापाशी येऊन, वाकून, तिने चारी कडा नीट न्याहाळल्या.

"उघडतं ना रे व्यवस्थित?"

"उघडतं, मावशी. बघा हवं तर."

तिने ते उघडायला लावून पाहिलं. मग दगडापाशी गेली आणि सकाळपासून मिटलेली मूठ उघडली. हात अजून दगडाला लागलाही नव्हता. पण बोटं आधीच लाल होती.