शहाण्यासारखं जेवण

१९६१ साल. माझं लग्न ठरायचं होतं, म्हणून होणाऱ्या सासूबाईंनी आम्हाला मॅनहॅटनमधल्या उंची इटालियन हॉटेलात जेवायला बोलावलं. माझे पापा ब्रुकलिनचे गवंडी. दारातच मी त्यांना दटावलं, "इथे खोकायचं नाही, आरडाओरडा करायचा नाही. माझी शोभा करू नका."

"बरं, राणीसाहेब. तोंडाला सिमेंट लावून बसतो."

जेवता जेवता पापा एकदम उठले आणि तोंडावर नॅपकिन धरून, निमूटपणे बाथरूमकडे गेले.

"किती सभ्य आहेत गं तुझे वडील, फिलोमेना!" सासूबाई म्हणाल्या. मला केवढा अभिमान वाटला.

सासूबाई नव्वद वर्षं जगल्या. माझं लग्न दोनच वर्षं टिकलं. पापा त्याच दिवशी, त्या बाथरूममध्येच वारले. घशात मांसाचा तुकडा अडकला होता. पाठीत एक जोराची थाप पुरली असती, असं डॉक्टर म्हणाले.