चष्म्याचा नंबर

“ह्याला म्हणतात आगीतून फुफाट्यात,” वडील आईच्या कानाशी पुटपुटले. “दिसत नाही म्हणून आणला, तर थेंब टाकून होतं तेवढं दिसणंही घालवलं.”

आईने त्यांना कोपराने ढोसलं. त्यांचा मुलगा मास्तर शेजारीच बसला होता, डोळे मिटून. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब होते ते. संध्याकाळपर्यंत त्याला जवळचं सगळं धूसर दिसणार होतं. लहानपणी हा घरादाराचं शुद्धलेखन सुधारायचा, म्हणून नाव मास्तर पडलं. पुढे छापखान्यात मुद्रितं तपासायला लागला. चांगलं चाललं होतं. मग त्या मुद्रितांतल्या चुका कोणीतरी आपल्यासाठी मुद्दाम ठेवलेले निरोप आहेत, असं त्याला वाटायला लागलं. मग जेवणाचं ताट हुंगणं आलं. मग भिंतीशी हळू आवाजात वाद.

तेव्हा एका डॉक्टरांनी मुलाला बाहेर बसवून आईवडिलांना आजाराचं नाव सांगितलं होतं. आईने ते नाव तिथल्या तिथे गिळलं. घरी पोचेपर्यंत तिचं ठरलं होतं: बारीक अक्षरं वाचून वाचून पोराचे डोळे बिघडले. नातेवाइकांना हेच सांगितलं, शेजारणींना हेच, आणि मास्तरलाही हेच. झाकली मूठ सव्वा लाखाची. वडील गप्प राहिले. ती शिवणकामावर घर चालवायची, आणि त्या घरात काय केवढं कापायचं हे तीच ठरवायची.

गोळ्या कधी सुरूच झाल्या नाहीत. त्याऐवजी ती त्याला कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे न्यायची. तक्ता वाचताना तो चुकायचा, नंबर वाढायचा, आणि तिला, कोणाला सांगण्यासारखं नाही, पण हायसं वाटायचं. नंबर असलेला आजार चारचौघांत सांगता येतो.

परवा मात्र त्या जाड भिंगांपायी तो जिन्यावरून गडगडला. म्हणून हे मोठं रुग्णालय.

डॉक्टरीणबाईंनी आईवडिलांना बाजूला बोलावलं. नंबर त्यांनी यंत्राने मोजला होता. यंत्र कोणाला अक्षरं वाचायला लावत नाही. नंबर नव्हताच. कालपर्यंत हा माणूस दुसऱ्याच कोणाचा वाटावा असा चष्मा का घालत होता, हे त्यांना कळत नव्हतं. दुसरं म्हणजे, डोळ्याच्या मागच्या पडद्याचा फोटो काढला, तर तिथला थर वयाच्या मानाने थोडा पातळ दिसत होता. आणि यंत्रात सरकणारा ठिपका पाहताना त्याची नजर मागे राहत होती, मग उडी मारून त्याला गाठत होती.

एवढ्यावरून काही ठरत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. साखर, रक्तदाब, कशानेही असं होऊ शकतं. पण डोळ्याचा पडदा म्हणजे मेंदूचंच बाहेर डोकावणारं टोक. मनाच्या काही आजारांच्या खुणा तिथे सापडतात का, याचा सध्या अभ्यास चालू आहे. म्हणून विचारते, त्या म्हणाल्या, याआधी कोणत्या डॉक्टरांनी तसं काही सांगितलं होतं का? असेल तर वरच्या मजल्यावर मानसोपचारतज्ज्ञांना आजच दाखवू, औषध आजच सुरू होईल. उशीर जितका, तितकं परत येणं अवघड. नसेल, तर चष्मा काढून टाका आणि घरी न्या.

वडील आईकडे बघायला लागले. आई पिशवीचा बंद सारखा करायला लागली. बंदाला काही झालेलं नव्हतं.

“नाही,” ती म्हणाली. “तसलं आमच्यात काही नाही. सरळ मुलगा आहे.”

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. एक फोटो हलला होता, तेवढा पुन्हा काढते म्हणाल्या आणि मास्तरला आत घेऊन गेल्या. वडील बाकावर जाऊन बसले, आईकडे अर्धी पाठ करून. मास्तरचा रुमाल बाकावरच राहिला होता. डोळ्यांतून पाणी येतंय पोराच्या, म्हणून तो उचलून आई मागोमाग गेली आणि दाराच्या पडद्याशी थबकली.

खोलीत अंधार होता. यंत्राच्या टेकूवर हनुवटी ठेवून मास्तर दाराकडे पाठ करून बसला होता. डॉक्टरीणबाई चाकं फिरवत सहज बोलल्यासारखं विचारत होत्या, चष्मेवाल्याच्या तक्त्यावरची अक्षरं खरंच दिसायची नाहीत का?

“सगळी दिसायची,” मास्तर म्हणाला. “तळाला छापखान्याचं नाव होतं, तेही. त्यात एक काना राहिला होता.”

“मग चुकीची का वाचायचास?”

“नंबर वाढला की आई त्या दिवशी मशीनवर बसून गुणगुणते.”

पडद्याशी आईने रुमाल तोंडावर दाबला. डॉक्टरीणबाईंचे हात चाकावरच थांबले. त्यांनी विचारलं, मग तुला स्वतःला काय वाटतं, काय होतंय?

हलू नको असं सांगितलेलं होतं. मास्तरने हनुवटी जराही हलू दिली नाही.

“स्किझोफ्रेनिया,” तो म्हणाला. “पहिल्या डॉक्टरांच्या दाराला मी कान लावला होता. गोळ्या असतील तर द्या, मी लपवून घेत जाईन. फक्त आईला सांगू नका. तिला वाटतं, मला माहीत नाही.”