ताकदीची गोळी

"हे कुणी दिलं?" डॉक्टरांनी कॅप्सूलचं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं.

"ऑफिसातल्या मैत्रिणीने," राधा म्हणाली. "तिचं वजन चांगलं उतरलं. मी अजून एकही घेतली नाहीये."

"मग तपासायलाही तिच्याकडेच जायचं होतंत."

सदाशिव पेठेतल्या त्या दवाखान्यात तिघी ओळीने बसल्या होत्या. मधे राधा, एका बाजूला तिची आई सोजरबाई, दुसऱ्या बाजूला होणाऱ्या सासूबाई मंदाकिनीबाई. पायाशी लग्नाच्या साड्यांच्या पिशव्या. दुकानात राधाच्या पर्समधून ते पाकीट पडलं आणि मंदाकिनीबाईंनी मोर्चा थेट आपल्या डॉक्टरांकडे वळवला. विचारल्याशिवाय औषध घेणं आणि विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरणं, त्यांच्या लेखी दोन्ही सारखंच. सोजरबाईंनी "आता कशाला, उशीर व्हतोय" करून पाहिलं. पण खराडीच्या बाईचं सदाशिव पेठेत काय चालणार!

"ही चरबी जाळत नाही," डॉक्टर सांगू लागले. "जेवणातलं थोडं तेलतूप पचूच देत नाही, तसंच बाहेर काढते. म्हणून घ्यायची जेवणाबरोबर, फार तर नंतर तासाभरात. जेवण चुकलं, किंवा जेवणात तेलतूप नसलंच, तर हीसुद्धा नाही. आणि कॅप्सूल घेतलीय म्हणून वडे हाणलेत, तर कंपनीच्या बसमध्ये बसायची सोय राहणार नाही. पळावं लागेल, आणि वेळेत पोचाल याची खात्री मी देत नाही."

मंदाकिनीबाई पदराआड हसल्या. राधालाही हसू आलं.

"दुसरं कुठलं औषध चालू आहे?"

"न्हाय, काय बी न्हाय," सोजरबाई म्हणाल्या. प्रश्न पुरता संपलाही नव्हता.

राधाने पर्सची चेन ओढून बंद केली. लग्न ठरल्यापासून आईने एकच धोशा लावला होता, झाकली मूठ सव्वा लाखाची. होणाऱ्या नवऱ्याला, ऋषीला सांगायचं म्हणून ती दर भेटीला जायची, आणि आइस्क्रीम खाऊन परत यायची.

डॉक्टर चिठ्ठी लिहू लागले. "रात्री झोपताना एक व्हिटॅमिनची गोळी घ्यायची. तेलाबरोबर काही जीवनसत्त्वंही वाहून जातात."

"ती घेते की," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "मघाशी जेवताना घेतली. ताकदीची, असं ह्या विहीणबाईच म्हणाल्या. तीच रात्री घेतली तर?"

"चालेल. कॅप्सूलपासून दोन तास लांब ठेवा म्हणजे झालं."

"आणि लग्नाच्या गडबडीत राहिलीच एखाद दिवशी?"

"राहू द्या. व्हिटॅमिन एक दिवस चुकलं म्हणून कुणाला काही होत नाही."

आपली गोळी चुकली की काय होतं ते राधाला चांगलं ठाऊक होतं. कॉलेजात परीक्षेच्या धांदलीत एकदा चुकली, आणि ती जिन्यावरून गडगडत खाली आली होती. हनुवटीखालचा टाक्यांचा व्रण अजून बोटाला लागायचा. त्यानंतर एकदाही फिट आली नव्हती, ती या गोळीच्या जिवावर. आणि उद्या सासरी हीच गोळी 'राहिली तर राहू द्या'मध्ये जमा होणार. लग्न मोडेल ही भीती रोजचीच होती. आज पहिल्यांदाच तिला लग्न होईल याची भीती वाटली.

डॉक्टरांनी मान वर केली. "चेहरा का उतरला? या दोघींना बाहेर बसवू का?"

"नको," राधा म्हणाली. "बसू द्या त्यांना."

तिने पर्समधून बाटली काढून टेबलावर ठेवली. लेबल व्हिटॅमिनचं होतं. सोजरबाईंनी टेबलाखालून तिच्या मांडीला चिमटा काढला.

"ह्या ताकदीच्या नाहीत," राधा म्हणाली. "फिटच्या आहेत. आई ह्या बाटलीत काढून ठेवते."

बाहेरच्या खोलीत कुणीतरी खोकलं. डॉक्टरांनी बाटली उघडून एक गोळी तळहातावर घेतली, नाव विचारलं. मग चिठ्ठीवर आडवी रेघ मारली.

"मग ही कॅप्सूल नको. हिच्यामुळे फिटच्या गोळीचा असर कमी होऊ शकतो. आधी तुमच्या मेंदूच्या डॉक्टरांना भेटा. वजन ह्या गोळीनेही वाढलं असेल, पण म्हणून ती परस्पर बंद करायची नाही. लग्न ठरलंय हेही त्यांना सांगा, पुढे बाळाच्या दृष्टीने गोळी बदलावी लागेल कदाचित. आणि गोळ्या पाकिटातून काढून ठेवायच्या नाहीत, दमट होतात."

सोजरबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "ताई, पोरीचा काय बी दोष न्हाय. मीच गप बसवली तिला. लगीन मोडू नका."

"तुमच्याशी मी नंतर बोलणार आहे, विहीणबाई," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "सावकाश बोलणार आहे."

त्यांनी चष्मा लावला, बाटली पुढे ओढली आणि नखाने लेबल खरवडायला लागल्या. वर्षानुवर्षांचं चिकटलेलं ते, अर्धंमुर्धंच निघालं. बाटली त्यांनी राधाच्या हातात दिली.

"ऋषीला आज तूच सांगायचं. मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि घरी येशील तेव्हा गोळ्या त्यांच्या पाकिटातच आण. आमच्याकडे सगळ्यांची औषधं एकाच डब्यात असतात. घोळ नको व्हायला."