तुळजाबाईंची हाक

सॅम्पलरवरचा लाल दिवा भसकन पेटला आणि कौस्तुभनं हेडफोन उपटून काढले. हाक पुन्हा फाटली होती.

"मावशी, लेव्हल बघताना तुम्ही हळू बोलता आणि रेकॉर्डिंगला एकदम तोफ डागता. मी लेव्हल लावू कशी?"

"मग म्हशीला काय कानात सांगत्यात व्हय?" तुळजाबाई म्हणाल्या.

कौस्तुभ नोकरी हिंजवडीत करायचा, राहायचा भूगावच्या फ्लॅटमध्ये आणि सुट्टीला संगीत रचायचा. आवाज टिपून बटणावर बसवणारं हे यंत्र त्यानं मोठ्या हौसेनं घेतलं होतं. धरणाच्या पाण्यापल्याडच्या म्हशी एका हाकेत माघारी फिरवणारी बाई मुळशीत आहे, असं ऑफिसच्या कॅबवाल्यानं सांगितलं, आणि तो तडक तिच्या अंगणात येऊन बसला. आवाज जास्त आत घेतला की फाटायचा, कमी घेतला की नुसती खरखर वर यायची. त्याला हवं होतं मधलं काहीतरी. तुळजाबाईंना मधलं काही ठाऊकच नव्हतं.

त्यांचे यजमान हैबतराव ओट्यावर पाठ फिरवून सुपारी कातरत होते. हा सगळा उद्योग त्यांना रिकामटेकडा वाटत होता.

"आता लेव्हल बघतानाच खरी हाक मारा, रेकॉर्डिंग मी चालूच ठेवतो," कौस्तुभ म्हणाला.

"कुणाला मारू? म्हशी विकल्या औंदा. उगा वाऱ्याला हाका मारू?"

"कुणालाही मारा. लांब आहे आणि यायला हवंय, असं कुणीही."

तुळजाबाईंनी पदर खोचला आणि पाण्याकडे तोंड केलं.

"रेश्मेऽऽऽ! ये गं घरलाऽऽऽ!"

अडकित्ता थांबला. कौस्तुभचे डोळे मात्र यंत्रावर होते. आवाज लाल दिव्याच्या जरा अलीकडे जाऊन टेकला होता. फाटला नव्हता, दबलाही नव्हता.

"हीच, मावशी! एकदम बरोबर! रेश्मा म्हशीचं नाव का?"

"लेक हाय माजी," तुळजाबाई म्हणाल्या. "मनानं लगीन केलं तिनं. तवापासनं ह्या घरात तिचं नाव घ्यायचं न्हाई. ह्यांचा हुकूम हाय."

कौस्तुभचा चेहरा पडला. हैबतराव ओट्यावरून उतरून थेट त्याच्याकडे आले. यंत्र आता धरणात जाणार, या भीतीनं त्यानं ते पोटाशी धरलं.

"घावलं का त्यात?"

"हो. पुसून टाकू का, काका?"

"ऐकीव."

त्यानं बटण दाबलं. हाक अंगणभर घुमली. हैबतराव मान खाली घालून ऐकत राहिले.

"आजून एकदा."

त्यानं पुन्हा दाबलं.

"पाठव तिला मोबाईलवर," हैबतराव म्हणाले. "मी सांगितलं म्हनू नगंस. मशिनीतनं चुकून गेलं म्हन."

कौस्तुभनं मोबाईल काढला आणि तुळजाबाईंना नंबर विचारला. त्यांनी मान हलवली. नाव घ्यायचीच बंदी, तिथं नंबर कुठून असणार?

हैबतराव खाकरले. मग धरणाकडे बघत, कुठंही न अडखळता, त्यांनी सगळा नंबर एका दमात सांगून टाकला.