पुढच्या चाकाचा नट

"नीट आवळ हं, फिटऱ्या," सरकार दगडावर बसल्या बसल्या म्हणाला. "माझा एकच पाय शिल्लक आहे."

अठरा वर्षं तो हाच विनोद करत होता, आणि अठरा वर्षांत फिटरला त्यावर एकदाही हसू आलं नव्हतं. गुडघ्यांवर बसून त्यानं सरकारच्या मोटरसायकलचं पुढचं चाक काढलं, ट्यूबमधला बोटभर काटा उपसला आणि पॅच लावायला घेतला. शनिवारी सकाळी दोघं डोंगरात शिरले होते. दोन दिवस नुसते दगड, ओढे, चिखल आणि छाती दडपवणारे चढ. वर्षातून एकदा सरकारला हे लागायचंच, आणि सरकारला लागतं म्हटल्यावर फिटर हजर.

सरकार हे काही त्याचं खरं नाव नव्हे. शाळेपासूनचा हा दोस्त बसल्या जागेवरून हुकूम सोडायचा, म्हणून गल्लीनं ठेवलेलं. डावा पाय गुडघ्याखाली नकली. त्या पायानं गिअर टाकता येत नाही, म्हणून फिटरनं स्वतःच्या हातानं घडवून हॅण्डलजवळ एक दांडा बसवून दिला होता. देणारच. पाय गेला कोणामुळे?

अठरा वर्षांपूर्वी, शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी, सरकारची गाडी फिटरनंच तयार केली होती. दुसऱ्या दिवशी पहिल्याच उडीला पुढचं चाक निखळलं. नट मातीत सापडला. तो आवळल्याचं फिटरच्या हाताला आठवत होतं, अगदी पक्कं आठवत होतं. पण मित्राच्या पायाचा चेंदामेंदा झालेला, तिथे हाताची साक्ष कोण मानणार? त्याची त्यानंही मानली नाही. तेव्हापासून तो प्रत्येक नट तीनदा आवळायचा. गिऱ्हाईक गाडी घेऊन कोपऱ्यापर्यंत गेलं की धावत जाऊन थांबवायचा आणि पुन्हा पाना लावायचा. गॅरेजमधले हसायचे.

खरं तर गाडी तो सरकारपेक्षा सरस चालवायचा. पण शर्यती त्यानं अपघाताच्याच आठवड्यात सोडल्या. सकाळी सरकारला त्याच्या दुकानावर पोचवायचं, संध्याकाळी आणायचं, दवाखाना, बँक, तीन मजले जिना, सगळं फिटरकडे. बायकोनं पुष्कळ वर्षं सोसलं. मग एकदा जेवता जेवता म्हणाली, "तुमचं लग्न माझ्याशी झालंय की त्याच्या पायाशी?" गेल्या महिन्यात ती लेकीकडे दुसऱ्या शहरात निघून गेली. जाताना भांडली नाही, आणि त्याचाच त्यानं धसका घेतला. परवा फोनवर तिनं सांगितलं, सोमवारपर्यंत या, नाहीतर येऊच नका. तिथल्या एका गॅरेजात जावयानं त्याच्यासाठी शब्दही टाकून ठेवला होता.

म्हणजे आजचा रविवार, आणि उद्याची रेल्वे. दोन दिवस शब्द ओठांपर्यंत येत होते आणि परत फिरत होते.

फिटरनं चाक बसवलं. नट आवळला. पुन्हा आवळला. तिसऱ्यांदा पाना लावून खेचून पाहिला. मग मान वर न करताच म्हणाला, "मी चाललो रे. उद्या. बायकोकडे, कायमचा."

"बरं," सरकार बिस्किट चघळत म्हणाला.

"पण तू एकदा तोंडानं म्हण, माफ केलं म्हणून. ते ऐकल्याशिवाय माझं पाऊल उचलणार नाही."

सरकारला हसू फुटलं. इतकं, की ठसका लागला.

"माफी कसली मागतोस, येड्या! शर्यतीच्या दिवशी पहाटे मी एकटाच गाडी फिरवून आणली होती. पंक्चर झाली. एका ट्रकवाल्याचा पाना मागून चाक मीच काढलं, मीच बसवलं. तोवर तो पाना घेऊन निघून गेला होता. नट बोटांनी फिरवला, म्हटलं आवळू नंतर. राहून गेलं."

फिटरला आधी आनंद झाला. खोटं कशाला बोला, झाला. आपले हात खरे होते! त्याचे डोळे भरून आले. मग हिशेब लागत गेला. ते जिने, त्या शर्यती, बायकोचं ते न भांडणं. एवढा संताप त्याला जन्मात आला नव्हता. या माणसाला इथेच दगडात टाकून सरळ गाडीला किक मारावी, असं ठरवूनच तो उठला.

"अठरा वर्षं!" तो ओरडला. "सांगितलं का नाहीस?"

"सांगणारच होतो, शप्पथ. पण दवाखान्यात शुद्धीवर आलो, तर तू उशाशी ढसाढसा रडत होतास. म्हणालास, आजपासून तुझा पाय मी." सरकारनं विजारीवरचे बिस्किटाचे कण झटकले. "आता असा आयता पाय कोण सोडतो, तूच सांग. चल, ऊन चढतंय."

त्यानं नेहमीसारखा हात पुढे केला. निघून जायला उठलेल्या फिटरनं तो धरला आणि त्याला उभं केलं.