पंचफुलाबाई समुद्रावर

अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या पंचफुलाबाई रिठदहून एकट्याच रत्नागिरीला आल्या. साठ वर्षांत त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. मुलगा गणेश मात्र "एकटी कायले जातं?" म्हणत होता. सकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर वाळूत चपला काढून त्या पाण्याकाठी बसल्या त्या दिवसभर उठल्याच नाहीत. शेजारी मासळी वाळत घालणाऱ्या बाईने विचारलं, "सोबत कोण आहे?" "मीच हावो माह्यासंगं," त्या म्हणाल्या. दोघी हसल्या आणि दुपारी एकाच डब्यातून जेवल्या. संध्याकाळी गणेशचा फोन आला. "आई, काय काय पाह्यलं?" "समुद्र." "अन् मंग?" "मंग परत समुद्र." तो घाबरला. "बरं नाही काय तुले? उद्याच न्यायले येतो." "चाळीस वर्षं गावच्या लेकरांले बसवलं, बापा. आज मी बसली." त्यांनी पाय आणखी पुढे पसरले. "न्यायले नको येऊ, फिरायले ये. समुद्र मी दाखवीन तुले."