बशीतलं पालुपद

“द्या वहिनी, डॉक्टर म्हणताहेत तर द्या गोळी,” असं म्हणून मॅडमनी फोन ठेवला आणि हुश्श केलं.

आई भावाकडे असायची. बाबा गेल्यापासून ती खोलीबाहेर पडायची नाही. दिवसभर एकच पालुपद, “आली का गं माझी पोर?” कधी वहिनींना हाका मारून, कधी मॅडमना फोन लावून. वहिनींचे कान किटले होते, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. मॅडम तरी काय करत होत्या? “कामात आहे आई, ठेवते,” एवढंच. आता जेवण झालं की गोळी, म्हणजे आई दिवसभर झोपून राहणार. त्रास संपेल, असं डॉक्टर म्हणाले होते. कुणाचा, ते कुणी विचारलं नव्हतं.

“मॅडम, तुमची मंडळी पुन्हा गळा काढून बसली बघा!” प्रयोगशाळेतल्या पलीकडच्या टेबलावरून सहकारी ओरडला.

मंडळी म्हणजे काचेच्या बशीत वाढवलेल्या मेंदूच्या पेशी. बशीच्या तळाशी केसाहून बारीक तारा. पेशी बोलली की पडद्यावर रेघ उडायची. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर धागे एकमेकांत छान गुंतलेले, जिवंत, तरतरीत. पडद्यावर मात्र सगळ्या रेघा एकदम उसळत, एकदम गप्प होत, की पुन्हा तेच.

“थेंबभर औषध सोडू? चिडीचूप होतील.”

“अरे, नको!” मॅडम उखडल्याच. “झोपवून कळणार काय, डोंबल? दंगा नाही करत त्या. बाहेरून कुणी काही सांगत नाही, विचारत नाही, म्हणून आपलं तेच ते घोकत बसतात. जरा इथे टिचकी मार, जरा तिथे. येतील ताळ्यावर.”

त्याने विजेच्या अगदी हलक्या टिचक्या सुरू केल्या. एक या कोपऱ्यात, एक त्या. पडद्यावरचा गलका हळूहळू विरत गेला. आता एक रेघ इथे उडे, दुसरी भलतीकडेच.

“मानलं बुवा तुम्हाला!” तो म्हणाला. मॅडमना ते ऐकूच गेलं नाही. त्या फोन लावत होत्या.

“वहिनी, गोळी दिलीत?”

“पाणी घेऊन निघालेच होते.”

“थांबा जरा. आईला द्या फोन. आणि तुम्ही घटकाभर पाठ टेका.”

“आलीस का गं?” पलीकडून तेच.

“आई, तू विणलेला माझा तो निळा स्वेटर आठवतो? त्याची एक बाही लांब का होती गं?”

मॅडमनी फोन कानाशी घट्ट धरला.

“काही लांब नव्हती!” आई फणकारली. “तूच मेली हात आखडून बसायचीस!”

मग बाहीवरून गाडी लोकरीवर गेली, लोकरीवरून बाबांच्या नखऱ्यांवर. मॅडम मधूनमधून काहीबाही विचारत राहिल्या. सहकारी जेवून परत आला तरी बोलणं चालूच होतं.

संध्याकाळपर्यंत आईचा फोन आला नाही. मग मॅडमनीच लावला.